हिंदू म्हणूनच बोलतेय

मी रोज देवापुढे दिवा लावते, रामनवमीला नागपुरातल्या पोद्दारेश्वर राम मंदिराची शोभायात्रा बघायला जाते, एकादशी करते. आणि धर्माच्या नावावर सध्या जे चाललंय त्याची मला खरंच भीती वाटते.

१७ मार्च २०२५ कोणता नागपूरकर विसरला असेल? तिथीने शिवजयंती होती त्या दिवशी. १७०७ साली मेलेल्या औरंगजेबाची खुलताबादची कबर हटवा म्हणून विहिंप अन् बजरंग दलवाल्यांनी नागपूरच्या महाल भागात आंदोलन केलं, प्रतीकात्मक कबर जाळली, मग तिच्यावरच्या चादरीवर कुराणातली आयत लिहिलेली होती अशी अफवा मोबाईलवरून फिरली आणि संध्याकाळी महाल, रात्री हंसापुरी पेटलं. ज्यांनी दगड मारले, गाड्या जाळल्या, पोलिसांना जखमी केलं त्यांना माझ्याकडून अजिबात माफी नाही. पण कबर चारशेच्या वर किलोमीटर लांब आणि कर्फ्यू आपल्या ११ पोलीस स्टेशनांच्या हद्दीत, हातावर पोट असलेल्यांनी काय खायचं त्या दिवसांत? गाडी पकडायला स्टेशनवर निघालेला एक माणूस त्यात जखमी झाला, नंतर दवाखान्यात वारला. पुढे खुद्द संघाच्या सुनील आंबेकरांनीच सांगितलं की औरंगजेब आज प्रासंगिक नाही. मग आधी कोणी काहून नाही आवरलं?

आठवड्याभरात एका आरोपीच्या घरावर बुलडोझर चालला. हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठाने त्याच दिवशी स्थगिती दिली, तोवर घर जमीनदोस्त झालेलं. सुप्रीम कोर्टाने नोव्हेंबर २०२४ मध्येच सांगितलं होतं की १५ दिवसांची नोटीस दिल्याशिवाय पाडायचं नाही. आमच्या ओळखीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या, स्टेटस ठेवले. अरे पण सुनावणीशिवाय घर पाडायची सवय सरकारला एकदा लागली की ते उद्या तुमचं आडनाव विचारत बसणार आहे का?

दंगल तरी आठवड्यात निवते हो, त्यानंतरचं विष जास्त वाईट. आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर मेसेज आला, "त्यांच्याकडून काही घेऊ नका." आमच्याकडे लग्नाचा चुडा भरायला वर्षानुवर्षं जे चाचा येतात, ज्यांनी माझ्या नणंदेच्या आणि मग तिच्या पोरीच्याही हातात बांगड्या भरल्या, त्यांना एका घरी गेटवरच आडनाव विचारलं आणि परत पाठवलं. ते पेटी उचलून गेले, भांडले नाहीत. आणि हे कुठे, तर ज्या शहरात सूफी संत ताजुद्दीन बाबांना पागलखान्यातून सोडवून राजे रघुजीराव भोसल्यांनी शक्करदऱ्याला आपल्या घरी नेलं! आजही ताजबागला, बाबांच्या दर्ग्यात, आपलीही गर्दी असते.

मला सगळ्यात जास्त खटकतं ते हे की या कट्टरतेचं पोट एका शत्रूवर भरत नाही. दाभोलकर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात मारले गेले, पानसरेंवर २०१५ ला कोल्हापुरात गोळ्या झाडल्या आणि त्यात ते गेले, त्याच वर्षी धारवाडला कन्नड विचारवंत कलबुर्गी. हे कोणी परके होते का? आपल्याच घरात जन्मलेले, आपल्यालाच प्रश्न विचारणारे. दाभोलकरांच्या खुनात दोघांना जन्मठेप व्हायला २०२४ उजाडलं. बाबासाहेबांनी तर हिंदुराज खरंच आलं तर ती या देशावरची सर्वात मोठी आपत्ती ठरेल असं स्वातंत्र्याच्या आधीच लिहून ठेवलं होतं, आणि १९५६ ला याच नागपुरात लाखो लोकांसोबत धर्म सोडला. का सोडावा लागला हे विचारायचं सोडून आपण दुसऱ्यांच्या कबरी मोजतोय.

आणि या सगळ्यात पोरं कोणाची जातात ते बघा. भाषण करणाऱ्यांची परदेशात शिकतात, आमच्या वस्तीतली पोलीस भरतीसाठी सकाळी ग्राउंडवर धावतात. एकदा गुन्हा दाखल झाला की चारित्र्य पडताळणीत अडकलं, पासपोर्टला अडकलं, वर्षं कोर्टाच्या तारखांत गेली. वकिलाची फी त्याचे आईबाप भरतात, चिथावणीचे मेसेज फॉरवर्ड करणारा एकही काका तेव्हा कोर्टात दिसत नाही. मी ग्रुपवर हेच लिहिलं, नाव घेऊन विचारलं की तुमचा मुलगा पाठवाल का पुढच्या आंदोलनाला. दोघांनी मला हिंदूविरोधी म्हटलं. प्रश्नाचं उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.