तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, आरुषीच्या केसबद्दल

नोएडात सात वर्षं काढली असं कुठेही बोलले की पुढचा प्रश्न कोणता येणार हे मला आता पाठ झालंय. लग्नाच्या पंगतीत, डेक्कन क्वीनमध्ये शेजारी बसलेल्या बाईंकडून, अगदी मुलीच्या सासरच्या माणसांकडून सुद्धा. "अय्या, म्हणजे ती आरुषीची केस झाली तेव्हा तुम्ही तिथेच होतात? मग खरं काय हो, कोणी मारलं तिला?" परवा सोसायटीच्या मीटिंगनंतर एका तरुण मुलाने विचारलं, 2008 ला तो पहिली-दुसरीत असेल जेमतेम, आणि त्याला सगळं माहीत होतं, गोल्फ क्लब म्हणजे ती गोल्फची काठी, व्हिस्कीची बाटली, वायफायचा राउटर, कोण किती वाजता झोपलं ते सगळं. फक्त आरुषी किती वर्षांची होती ते त्याला आठवत नव्हतं. तेव्हाच ठरवलं की एकदा बसून नीट लिहू.

13 वर्षांची होती ती. चौदावा वाढदिवस आठ दिवसांवर आलेला.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. नोएडाच्या सेक्टर 25 मध्ये जलवायू विहार म्हणून एअरफोर्स-नेव्हीच्या लोकांची कॉलनी आहे, तिथल्या फ्लॅटमध्ये 16 मे 2008 च्या सकाळी आरुषी तलवार तिच्या खोलीत मृत सापडली, आई-वडील दोघं डेंटिस्ट, शेजारच्या खोलीत झोपलेले, आणि घरात काम करणारा हेमराज, नेपाळचा, पंचेचाळिशीचा, तो गायब, म्हणून पहिल्या दिवशी खुनी तोच. दुसऱ्या दिवशी त्याच बिल्डिंगच्या गच्चीवर हेमराजचाही मृतदेह सापडला. मग वडिलांना अटक, मग सीबीआय आली, मग वडिलांच्या दवाखान्यातला मदतनीस आणि ओळखीच्या घरांत काम करणारे दोघं असे तिघं आत, ते पुराव्याअभावी सुटले, मग सीबीआयची दुसरी टीम आणि संशय परत आई-वडिलांवर, नोव्हेंबर 2013 ला गाझियाबादच्या कोर्टात दोघांना जन्मठेप, आणि 12 ऑक्टोबर 2017 ला अलाहाबाद हायकोर्टातून दोघं निर्दोष. चार वर्षं ते डासनाच्या तुरुंगात होते.

आता माझं. आधी कबूल करते की माझ्याकडेही उत्तर होतं, आणि पाच-सहा वर्षं मी ते उत्तर सांगत फिरले. आम्ही दोन-तीन सेक्टर सोडून राहायचो, तेवढ्यावर मला वाटायचं की आपल्याला जास्त कळतं. त्यात नूपुर तलवार माहेरच्या चिटणीस, आरुषीचे आजोबा एअरफोर्समधले ग्रुप कॅप्टन, त्यामुळे आम्हा तिथल्या मराठी मंडळींना ती केस जरा जास्तच घरातली वाटायची. त्या वर्षीच्या गणपतीत आम्ही सात-आठ जणी मोदकांची उकड मळत बसलो होतो आणि तासभर दुसरा विषय नाही. मुख्य मुद्दा काय, तर आई टीव्हीवर मुलाखत देताना रडली नाही. "पोटची पोर गेली आणि डोळ्यात टिपूस नाही, असं असतं का कुठे?" हे वाक्य त्या दिवशी मी स्वतः बोललेय, कोणाच्या तोंडी घालत नाहीये.

माझी आजी. माझा धाकटा काका ऐन तिशीत गेला, एका दिवसात, तेव्हा मी दहा वर्षांची होते. घर माणसांनी भरलेलं आणि आजी ओट्यापाशी उभी राहून कप मोजत होती. येईल त्याला विचारायची, चहा झाला का. रडलीच नाही, तेराव्यापर्यंत नाही. बायका कुजबुजायच्या की सावत्र असल्यासारखी वागतेय. पुढच्या उन्हाळ्यात लोणच्याच्या कैऱ्या चिरायला विळीवर बसली होती, आणि काकाला आंबट आवडायचं एवढंच म्हणाली आणि मग जी रडायला लागली ती थांबेचना, शेवटी माझ्या आईने हातातली कैरी काढून घेतली. हे मी डोळ्यांनी बघितलंय. आणि तीच मी तीस-बत्तीस वर्षांनी, ज्या बाईला कधी भेटले नाही, तिच्या न रडण्यावरून खुनी ठरवत होते, देवाचा नैवेद्य करताना.

दुसरी गोष्ट 23 मे 2008 ची. त्या दिवशी वडिलांना अटक झाली आणि पोलिसांच्या एका मोठ्या अधिकाऱ्याने पत्रकार परिषद घेतली, सगळ्या चॅनलवर लाइव्ह. मुलीला आणि हेमराजला 'आक्षेपार्ह' अवस्थेत बघितलं म्हणून बापाने दोघांना मारलं अशी त्यांची कहाणी. आणि ती सांगताना ते मुलीचं नाव चुकले, आरुषीला श्रुती म्हणाले. जिचं नाव धड माहीत नाही तिच्या चारित्र्याबद्दल ते देशाला सांगत होते. माझी मुलगी तेव्हा 12 वर्षांची, भाताचं ताट मांडीवर घेऊन टीव्हीसमोर बसलेली. मला म्हणाली, "आई, ऑब्जेक्शनेबल म्हणजे काय?" मी टीव्ही बंद केला आणि काहीतरी थातूरमातूर सांगितलं. दुसऱ्या दिवशी 24 मे होता, आरुषीचा वाढदिवस.

मग तिचे एसएमएस, तिचे मेल, तिचं ऑर्कुट, म्हणजे तेव्हाचं फेसबुकच, सगळं बाहेर आलं, मैत्रिणींशी आणि मित्रांशी कोणतीही आठवी-नववीतली मुलगी जे बोलते तेच, पण वाचणारे अशा आवाजात वाचायचे की त्यात काहीतरी दडलंय. एका रात्री माझी मुलगी कॉम्प्युटरसमोर बसून ऑर्कुटवरचं एकेक स्क्रॅप, म्हणजे मित्रमैत्रिणींचे निरोप, पुसत होती. काय करतेस विचारलं तर म्हणाली, "मी मेले तर हे पण वाचतील ना." मला त्यावर काहीच सुचलं नाही.

ज्या थिअरीवर सगळ्यात जास्त गप्पा झाल्या तिला उभं राहायला त्या पोरीबद्दल काहीतरी घाणेरडं मानावंच लागतं, आणि हेमराजबद्दलही. ते दोघंही उत्तर द्यायला नाहीत. हेमराजचं तर एवढं वाईट की तो एकाच आठवड्यात आधी खुनी ठरला, मग खुनी नाही हे कळायला त्याला मेलेलं सापडावं लागलं, आणि मग लगेच त्याच्यावर दुसरा आळ.

आमच्याकडे तेव्हा स्वयंपाकाला एक नेपाळी मुलगा यायचा, विशी-बाविशीचा. सकाळी आम्ही ऑफिसला निघालो की त्याच्याकडे किल्ली असायची. 16 मेच्या संध्याकाळी बातम्यांत हेमराजचा फोटो, पोलिसांनी त्याच्यावर वीस हजारांचं बक्षीस लावलेलं, आणि आमच्या बिल्डिंगमध्ये एकच चर्चा, या लोकांवर विश्वास ठेवू नका. रात्री तो पोळ्या करून निघाला तेव्हा मी दारात उभी राहून त्याच्याकडून किल्ली परत मागितली. कारण सांगितलं नाही, त्यानेही विचारलं नाही, खिशातल्या जुडग्यातून आमची किल्ली सोडवायला त्याला वेळ लागला, नखाने ती कडी उघडत होता आणि मी हात पुढे करून उभी. दुसऱ्या दिवशी हेमराज गच्चीवर सापडला. दोन दिवसांनी मी किल्ली परत द्यायला गेले तर म्हणाला, "रहने दो दीदी." त्यानंतर दीड वर्ष तो आमच्याकडे होता, आणि शेवटपर्यंत बेल वाजवूनच यायचा.

म्हणून आता कोणी विचारलं की मी गच्चीच्या दाराबद्दल सांगते. कोणी मारलं याचं उत्तर माझ्याकडे नाही, पण तपास कुठे बिघडला याचं उत्तर बरंचसं सगळ्यांसमोर आहे आणि त्यात कोणाला फारसा रस नसतो. 16 तारखेला सकाळी पोलीस आले, पत्रकार आले, शेजारीपाजारी, नातेवाईक, घरात नुसती वर्दळ, ज्या खोलीत कोणी पाऊल ठेवायला नको तिथे लोक ये-जा करत होते. गच्चीच्या दाराला कुलूप होतं. दारापाशी रक्ताचे डाग असल्याचं त्या दिवशी काही जणांच्या नजरेला आलं होतं. किल्ली मिळाली नाही आणि कुलूप तोडलं गेलं नाही. बस. ते कुलूप दुसऱ्या दिवशी सकाळी तुटलं, तोपर्यंत हेमराज नोएडाच्या मे महिन्याच्या उन्हात, कूलरच्या पत्र्याखाली पडून होता. मी तिथे सात उन्हाळे काढलेत, त्या गच्च्यांवर मेमध्ये दुपारी चप्पल घालूनही पाय ठेववत नाही. एक दिवस आधी कुलूप तोडलं असतं तर मृत्यूची वेळ, रक्ताचे ठसे, कोण कुठून गेलं, किती गोष्टी नीट मिळाल्या असत्या. आणि माझ्यासकट हजारो घरांनी त्या एका रात्रीत आपापल्या नेपाळी माणसांकडे तसं बघितलं नसतं.

उशीच्या अभ्र्यांचं पण असंच. हैदराबादच्या लॅबच्या 2008 च्या रिपोर्टात हेमराजचा डीएनए ज्या अभ्र्यावर सापडला तो दवाखान्यातल्या त्या मदतनिसाच्या खोलीतला अभ्रा असं लिहिलं होतं. 2011 मध्ये लॅबने कळवलं की ती टायपिंगची चूक, दोन अभ्र्यांची वर्णनं एकमेकांच्या जागी पडली. यातून मी कोणाकडे बोट दाखवत नाहीये, आता अजिबात नाही. पण दोन खून, पाच संशयित, आणि कोणाचं काय होणार ते एका ओळीच्या टायपिंगवर येऊन ठेपतं, तर यावर तासभर बोला ना माझ्याशी. त्या तिघांच्या नार्कोचे, म्हणजे औषध देऊन गुंगीत प्रश्न विचारायच्या चाचणीचे, व्हिडिओ पण टीव्हीवर दाखवले होते, अर्धवट शुद्धीतली माणसं बडबडतायत आणि खाली पट्टी चाललीय. सुप्रीम कोर्टाने 2010 मध्ये संमतीशिवाय नार्को करायलाच मनाई केली, पण तोवर हे बघून झालं होतं सगळ्यांचं. ते तिघं पुढे कुठे गेले, त्यांना कोणी कामावर ठेवलं का, हा प्रश्न मला आजवर एकानेही विचारलेला नाही.

आणि नुसत्या गप्पाच तर मारतोय, त्याने कोणाचं काय बिघडतं, असं जे म्हणतात त्यांना मी जानेवारी 2011 ची आठवण करून देते. सीबीआयने तोपर्यंत पुरावा पुरेसा नाही म्हणून केस बंद करायचा रिपोर्ट दिला होता, आणि त्याच रिपोर्टात वडिलांवर संशय आहे असंही लिहिलं होतं. गाझियाबादच्या कोर्टाच्या आवारात एका तरुणाने वडिलांवर मांस तोडायच्या सुऱ्याने वार केले. त्याचा या घराशी काडीचा संबंध नव्हता. त्याला जे माहीत होतं ते आपल्यासारखंच, ऐकून आणि बघून.

2017 चा हायकोर्टाचा निकाल आला तेव्हा आम्ही पुण्याला आलो होतो. अडीचशेच्या वर पानांचा आहे, इंग्रजी कायद्याचं, मला आठ-दहा रात्री लागल्या आणि बऱ्याच ठिकाणी नवऱ्याच्या वकील मित्राला फोन करावा लागला. मी ज्या ज्या गोष्टी 'माहितीय' म्हणून सांगायचे त्या एकेक करून त्यात शोधल्या. खून गोल्फ क्लबने झाला, गळे डॉक्टरी हत्याराने कापले, हे मी छातीठोकपणे सांगायचे, तर कोर्ट म्हणतं हत्यार कुठलं तेच शाबित झालेलं नाही. घरात बाहेरचं कोणी येणं शक्यच नव्हतं, हा माझा हुकमी पत्ता, तर कोर्ट म्हणतं बाहेरचं कोणी आलं असण्याची शक्यता नाकारता येत नाही. एका न्यायमूर्तींनी तर वेगळं लिहिलंय की खालच्या कोर्टाच्या न्यायाधीशांनी सिनेमाच्या दिग्दर्शकासारखे विखुरलेले तुकडे जोडून गोष्ट तयार केली. ते वाचून मला उकडीचा तो दिवस आठवला. त्या न्यायाधीशांच्या समोर निदान साक्षीदार तरी होते, आमच्यासमोर तेही नव्हते.

निर्दोष सुटले म्हणजे त्यांनी केलं नाही हे सिद्ध झालं का, असंही विचारतात. कोर्टाने म्हटलंय की गुन्हा सिद्ध झाला नाही, संशयाचा फायदा आरोपीला. तेवढंच. त्याच्या अलीकडे-पलीकडे मी आता जात नाही. सुशांत सिंह राजपूतच्या वेळी हेच सगळं पुन्हा सुरू झालं तेव्हा आपल्या मुंबई हायकोर्टाने जानेवारी 2021 मध्ये चॅनलवाल्यांना सांगितलं की तपास चालू असताना असं मीडिया ट्रायल चालवणं हा न्यायाच्या कामात हस्तक्षेप आहे. मला त्या निकालाचं फार बरं वाटलं होतं, पण त्याच आठवड्यात आमच्या वॉकिंग ग्रुपमध्ये दोन बायका त्याच केसवरून भांडल्या.

त्या रात्रीची एक गोष्ट मात्र मला सांगायला आवडते, कारण ती फक्त आरुषीची आहे. वाढदिवसाची भेट म्हणून तिला आधीच एक डिजिटल कॅमेरा मिळाला होता, 15 मेच्या रात्री. आणि ती लगेच फोटो काढत सुटली, स्वतःचे, आई-बाबांचे. शेवटचा फोटो 10 वाजून 10 मिनिटांचा आहे. माझ्या मुलीला पहिला कॅमेरावाला फोन घेतला तेव्हा तिनेही हेच केलं होतं, पंख्याचे, वरणाच्या पातेल्याचे, माझ्या पायांचे पन्नास फोटो.

हायकोर्टाच्या निकालाविरुद्ध हेमराजची बायको सुप्रीम कोर्टात गेली, नंतर सीबीआयही गेली, 2018 मध्ये ते अपील दाखल करून घेतलं गेलं. कोणी मारलं हे विचारायचा हक्क मला विचाराल तर तिचा आहे. तुम्ही मला परत कुठे भेटलात आणि विचारलंत तर मी वर लिहिलंय तेवढंच सांगणार, आणि बोलण्यात तुम्ही हेमराजचं नाव घेतलं नाहीत तर मी घेणार.