फेरफार

टूर मॅनेजरचं काम म्हणजे मोजणं. सकाळी बॅगा मोजायच्या, बसमध्ये डोकी मोजायची, स्वच्छतागृहासाठी सुटी नाणी मोजायची आणि ड्रायव्हरचे तास मोजायचे. हे शेवटचं बाहेरच्यांना ठाऊक नसतं. युरोपात साडेचार तास बस चालवली की ड्रायव्हरला ४५ मिनिटांची सुटी द्यावीच लागते, आणि बसमधलं यंत्र मिनिटामिनिटाची नोंद ठेवतं. ‘जरा दोन मिनिटं थांबा ना’ हे त्या यंत्राला कळत नाही. गेल्या चौदा वर्षांत आमच्या प्रवाशांनाही यंत्राची अडचण कळलेली नाही, त्यामुळे मधल्यामध्ये मी.

साल्झबर्गला तर बस उभी करायचीही वेळ आधी ऑनलाइन बुक करावी लागते. पारिस-लोड्रोन रस्त्यावरच्या टर्मिनलला माणसं उतरवायची, बसने निघून जायचं, ठरल्या वेळी परत यायचं. हा लोड्रोनसुद्धा तिथला एक प्रिन्स-आर्चबिशप, म्हणजे राज्य करणारा धर्मगुरू. त्या गावात दगड मारला तर तो एखाद्या आर्चबिशपच्याच वास्तूला लागतो.

मागच्या जूनमध्ये ४२ जणांचा ग्रुप होता. इन्सब्रुकहून निघालो, दुपारी साल्झबर्ग, रात्री व्हिएन्ना. शहर दाखवणं हा ऑस्ट्रियात परवान्याचा धंदा आहे, म्हणून माझी गोष्ट बसमध्येच, माइकवर. ती मला तोंडपाठ होती. वुल्फ डीट्रिख फॉन राइटेनाउ, १५८७ साली अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी साल्झबर्गचा प्रिन्स-आर्चबिशप झाला. म्हणजे शंकराचार्य आणि संस्थानिक एकाच गादीवर. मिठाच्या खाणींचा बक्कळ पैसा. व्यापाऱ्याची मुलगी सालोमे आल्ट हिच्यावर जीव जडला. लग्नाची परवानगी नाही, पण मुलं झाली पंधरा. (इथे मागच्या सीटवरून एक काका ‘ब्रह्मचारी!’ असं ओरडतात. दर टूरला काका वेगळे, शब्द तोच.) १६०६ साली त्याने तिच्यासाठी शहराच्या तटाबाहेर महाल बांधला, आल्टेनाउ. तोच आजचा मिराबेल. “म्हणजे इथला ताजमहालच समजा!” टाळ्या. माइक बंद.

त्या दिवशी टाळ्या संपल्यावर तिसऱ्या रांगेतून प्रश्न आला. चौऱ्याहत्तर वर्षांच्या काकू, एकट्या आलेल्या, तहसील कचेरीतून निवृत्त. “अरे, महाल कोणाच्या नावावर होता?”

“म्हणजे?”

“सातबाऱ्यावर नाव कोणाचं? त्याचं की बाईचं? आणि तो गेल्यावर ती कुठे गेली?”

मला माहीत नव्हतं. चौदा वर्षं ही गोष्ट सांगतोय, आणि महाल उभा राहिला की माझी गोष्ट संपायची. बस टर्मिनलला वळत होती. मी म्हणालो, “राहिली की तिथेच, सुखाने.”

खोटं बोललो हे बोलतानाच कळलं होतं. पण टर्मिनलला उभं राहायला मोजकीच मिनिटं, आणि आधी उतरणार कोण यावर दोन कुटुंबांत धुसफूस सुरू झालेली.

लोकल गाइड कंपनीने तासाभरासाठीच दिली होती (गाइडवरच पैसे वाचवायची ही अक्कल कोणाची, ते मी इथे लिहीत नाही). बाग, कारंजी, आणि ‘द साउंड ऑफ म्युझिक’ या गाजलेल्या सिनेमातली मुलं जिथे गात गात चढली त्या पायऱ्या. पायऱ्यांवर एकाआड एक सगळ्यांचे फोटो. यात तास गेला.

परत मोजलं तर एकेचाळीस. पुन्हा मोजलं. एकेचाळीस. काकूंचा फोन बंद. रोमिंगचा पॅक घ्या म्हणून आम्ही घसा कोरडा करतो, पण कोणी घेत नाही. ड्रायव्हर मनगटावरचं घड्याळ दाखवत उभा. शेवटी गाइडला फोन लावला. ती म्हणाली, “त्यांना तुमचा आर्चबिशप कुठे आहे ते हवं होतं. मी सेंट सेबास्टियनची दफनभूमी सांगितली. लिंझरगासे.”

पळत गेलो. पाच-सात मिनिटांचं अंतर, चढ. आत शिरलो तर एकदम शांत. चौफेर कमानींच्या ओवऱ्या, मध्ये थडगी. मोझार्टचे वडील लेओपोल्ड आणि बायको कोन्स्टान्झं इथेच आहेत, हेही मी कधी कोणाला दाखवलेलं नाही. अगदी मधोमध घुमटाची गोल समाधी. वुल्फ डीट्रिखने जिवंतपणीच स्वतःसाठी बांधून घेतलेली. काकू जाळीला नाक लावून आतल्या भिंती बघत होत्या. भिंती रंगीत टाइल्सच्या, हातात मावतील एवढाल्या, चौकड्यांच्या.

“हा इथे एकटाच आहे,” त्या वळून न बघता म्हणाल्या. “बाई वेल्स नावाच्या गावी. तू म्हणालास सुखाने राहिली.”

मी म्हटलं, “काकू, बस.”

बस अठरा मिनिटं उशिरा निघाली. ड्रायव्हरने माझ्याशी बोलणं टाकलं, मागच्या काकांनी ‘शिस्त’ या विषयावर भाषण दिलं. काकू शांत. मी पुढच्या सीटवर बसून मोबाइलवर वाचत राहिलो.

१६११ च्या ऑक्टोबरात मिठाच्या भांडणावरून वुल्फ डीट्रिखने शेजारचं बेर्ख्टेसगाडेन बळकावलं. बव्हेरियाचा ड्यूक माक्सिमिलियान सैन्य घेऊन चालून आला, आणि हा पळाला. कॅरिंथियात सापडला. आधी होहेनवेर्फेनच्या किल्ल्यात, मग साल्झबर्गच्याच डोक्यावरच्या किल्ल्यात. १६१२ साली गादी सोडावी लागली. गादीवर आला मार्कुस सिट्टिकुस, सख्खा मामेभाऊ. १६१७ च्या जानेवारीत वुल्फ डीट्रिख कैदेतच मेला. आपल्याला गाजावाजा न करता पुरा, असं त्याने सांगून ठेवलं होतं. मामेभावाने थाटामाटात अंत्ययात्रा काढली. सालोमे मुलांना घेऊन वेल्सला गेली आणि १६३३ साली तिथेच वारली. दोघांची पुन्हा भेट नाही. महालाचं नाव मामेभावाने बदलून मिराबेल केलं. पुढे शंभरेक वर्षांनी तो नव्याने बांधला गेला, १८१८ च्या आगीनंतर पुन्हा डागडुजी. म्हणजे ज्या भिंतींकडे बोट करून मी ताजमहाल म्हणत होतो, त्यातल्या बहुतेक तिने पाहिलेल्याच नाहीत.

आणि ज्या माणसावर मी चौदा वर्षं टाळ्या मिळवल्या, त्याने १५८८ साली शहरातल्या प्रोटेस्टंटांना ‘धर्म बदला नाहीतर चालते व्हा’ असं फर्मावलं होतं. हे आधी दोन मिनिटं वाचायला मला कोणी अडवलं नव्हतं.

मी माइक घेतला आणि हे सगळं सांगितलं. टाळ्या नाहीत. थोड्या वेळाने कोणीतरी विचारलं, “चहाला कधी थांबणार?”

काकू म्हणाल्या, “नाव बदललं म्हणजे फेरफार झाला. आमच्याकडे रोज यायच्या अशा बायका. घर नवऱ्याने बांधलेलं, दिराने नोंद फिरवलेली. हिच्याकडे तर लग्नाचा कागदही नाही.” मग म्हणाल्या, “ते वेल्स वाटेत आहे ना? पाटी आली की सांग.”

वाटेत म्हणजे हायवेवरून डावीकडे फाटा. ड्रायव्हरच्या तासांत वळणं शक्यच नव्हतं, पण पाटी दाखवणं शक्य होतं. मी हो म्हणालो. मग व्हिएन्नाच्या रेस्टॉरंटचा फोन आला: जैन किती, कांदा-लसूण नको असलेले किती, उशीर किती. सात जैन, चार बिनकांद्याचे, हे त्या माणसाला तीनदा सांगितलं. फोन ठेवला तेव्हा लिंझच्या पाट्या सुरू झाल्या होत्या. काकू डाव्या काचेला डोकं टेकवून बाहेर बघत होत्या. मी काही बोललो नाही. त्यांनीही विचारलं नाही.

शेवटच्या दिवशीच्या फीडबॅक फॉर्मवर त्यांनी हॉटेल, जेवण, बस, सगळ्यांपुढे ‘उत्तम’ लिहिलं. खाली शेऱ्यात दोन शब्द: ‘माहिती अपुरी’. ऑफिसने मला विचारलं, कुठली माहिती, कुठल्या शहरात? मी खरं ते लिहिलं: साल्झबर्ग.

पुढच्या टूरला ऑफिसने लोकल गाइड बदलली.