सहा स्पिनर आणि एक वॉशिंग मशीन

गणपतीला मंडळातली मंडळी आमच्याकडे येतात तेव्हा चपला ठेवायला गॅरेज उघडावं लागतं. मग पाच मिनिटांत कुणीतरी आत येऊन विचारतंच, "वहिनी, ती पिंपं कसली ओळीनं ठेवलीत?" स्पिनर आहेत म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "अहो पण घरात वॉशिंग मशीन असताना हे कशाला?" निम्मे लोक हा प्रश्न मला न विचारता नवऱ्याला विचारतात. यंत्रांचं खूळ म्हणजे त्याचंच असणार! तो हात वर करतो. त्याचा संबंध फक्त उचलण्यापुरता.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एकूण सहा आहेत. दोन वापरात, एक दुरुस्तीत आणि तीन नुसते बघायला. इथं इंग्लंडमध्ये याला स्पिन ड्रायर म्हणतात, आणि या 'ड्रायर' शब्दानं सगळा घोटाळा केलाय. यात उष्णता नाही, गरम हवा नाही, काही वाळत नाही. हा नुसता पिळतो. आपल्याकडच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनमधला उजवीकडचा लहान ड्रम सुटा करून त्याला स्वतःचा डबा आणि मोटर दिली की झाला स्पिनर. फक्त हा जास्त रागीट.

लीड्सला आलो तो पहिला हिवाळा भाड्याच्या घरात काढला. अंगण नाही, ऊन नाही, कपडे रेडिएटरवर आणि खुर्च्यांच्या पाठींवर. जीन्स तिसऱ्या दिवशीही कमरेशी ओली. सकाळी खिडकीच्या काचेवरून पाण्याचे ओघळ, आणि फेब्रुवारीत कपाट हलवलं तर मागच्या भिंतीवर काळी बुरशी. घरमालकाचं म्हणणं, खिडक्या उघड्या ठेवा. बाहेर दोन अंश! टॉवेलांना जो कुबट वास यायचा तो मला कोकणातल्या मावशीच्या घरच्या श्रावणातला वाटायचा, फक्त तिथं निदान चुलीवरच्या काठीवर टाकायची सोय होती.

शेजारच्या आजी घर सोडून मुलीकडे राहायला निघाल्या तेव्हा त्यांनी त्यांचा स्पिनर मला दिला. क्रेडा कंपनीचा डेबोनेर, पांढरा, माझ्या मांडीइतका उंच, खाली पाण्याला एक तोटी. आमच्या वॉशिंग मशीननं स्वतःच्या मते पिळून दिलेले कपडे मी त्यात घातले, तोटीखाली टब ठेवला आणि झाकण लावलं. आधी घुर्र, मग विमान सुटल्यासारखा आवाज, मग पाण्याची धार. चार मिनिटांनी टबात अर्ध्या लिटरच्या वर पाणी होतं, तेही गढूळ, साबणाचं. म्हणजे मशीननं ना नीट पिळलं होतं ना नीट खळबळलं होतं. त्या रात्री दोरीवर घातलेले शर्ट सकाळी इस्त्रीला तयार होते.

हे का होतं ते समजल्याशिवाय मला चैन पडेना. बहुतेक चांगल्या स्पिनरवर एकच आकडा असतो, मिनिटाला 2800 फेरे. हा आकडा कुणी ठरवलेला नाही, तो विजेतून येतो. इथली वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झची. दोन चुंबकी ध्रुवांची साधी मोटर तिच्यावर 3000 च्या जरा खाली फिरते, आणि ड्रम थेट मोटरला जोडला की झाले 2800. आपल्या सेमी-ऑटोमॅटिकच्या स्पिनला चार ध्रुवांची मोटर असते, ती 1500 च्या खाली, म्हणून तिथं 1300-1400.

वेग दुप्पट झाला की जोर चौपट होतो, कारण जोर वेगाच्या वर्गानं वाढतो. कपड्यात अडकलेला एक ग्रॅमचा थेंब घ्या. सेमी-ऑटोमॅटिकच्या ड्रममध्ये तो साधारण पाव किलोच्या जोरानं बाहेर रेटला जातो. 1400 फेऱ्यांच्या फ्रंट-लोडरमध्ये, तिथला ड्रम मोठा असल्यामुळे, अर्ध्या किलोच्या. आणि माझ्या डेबोनेरमध्ये एक किलोच्या. आश्चर्य असं की फ्रंट-लोडरच्या आणि डेबोनेरच्या ड्रमची कडा एकाच वेगानं पळते, ताशी सव्वाशे किलोमीटरनं. पण डेबोनेरचं वळण निम्मं लहान, त्यामुळे झटका दुप्पट. घाटातल्या आखूड वळणावर एसटीच्या खिडकीला चिकटलेल्याला हे वेगळं सांगायला नको.

बिलाचंही सांगते, कारण नवऱ्याला तेवढंच पटलं. एक लिटर पाण्याची वाफ करायला जवळजवळ 0.7 युनिट लागतं, मग ते साध्या, गरम हवेच्या टम्बल ड्रायरमध्ये करा नाहीतर खोलीत दोरीवर. दोरीवर फुकट वाळतात हा हिवाळ्यातला भ्रम आहे, ती उष्णता खोलीतून म्हणजे हीटिंगच्या बिलातूनच जाते. उलट स्पिनरची मोटर साडेतीनशे वॉटची, चार मिनिटं चालते. एका युनिटात चाळीसेक वेळा चालेल. पाणी तापवून घालवण्यापेक्षा फेकून घालवणं इतकं स्वस्त आहे. टम्बल ड्रायरवाल्यांनी यावर माझ्याशी वाद घालू नये, मी आकडे घेऊन बसते.

आता खरं कारण. माझे अण्णा वाळवा तालुक्यातल्या साखर कारखान्यात फिटर होते, सेंट्रीफ्यूगलवर, म्हणजे गरगर फिरवून साखरेतली मळी काढणाऱ्या यंत्रावर. हंगामात रात्रपाळी असली की मी आईबरोबर डबा द्यायला जायची आणि कठड्याला धरून बघत राहायची. माणसाहून मोठा, भोकंभोकं असलेला ड्रम. त्यात वरून शिजलेला काळपट लगदा पडायचा आणि ड्रम गरगरायला लागला की तो भिंतीला चिकटून उभा राहायचा. मळी जाळीतून बाहेर फेकली जायची. मग गरम पाण्याचा फवारा, आणि भिंत काळ्याची पिवळी, पिवळ्याची पांढरी होत जायची. पंचवीस वर्षांनी परक्या स्वयंपाकघरात तोटीतून गढूळ पाण्याची धार बघितली तेव्हा मला ते यंत्र ओळखू आलं. जात एकच. इथून अर्ध्या तासावर हडर्सफील्ड आहे, तिथली ब्रॉडबेंट ही 1864 सालची कंपनी धुलाईगृहांचे आणि साखर कारखान्यांचे, दोन्ही सेंट्रिफ्यूज बनवत आलेली आहे. इचलकरंजीच्या कापडाच्या प्रोसेसमध्ये ज्याला नुसतं 'हायड्रो' म्हणतात तेही याच घराण्यातलं.

मग एकाचे दोन झाले, दोनाचे सहा. दुसरा आला तो हूवरचा स्पिनरिन्स. याला तोटी नाही, पंप आहे. फिरत्या ड्रममध्ये नळाचं पाणी सोडायचं, ते कपड्यांतून आरपार जातं आणि पंप ते बेसिनमध्ये टाकतो. म्हणजे पिळता पिळता खळबळणं, अगदी साखरेवरच्या फवाऱ्यासारखं. हूवरचा वॉशिंग मशीनचा मोठा कारखाना वेल्समध्ये मर्थर टिडफिल इथं होता, 1948 मध्ये सुरू झाला, 2009 मध्ये बंद. (1985 मध्ये बाजारात आलेली सिंक्लेअर सी-5 ही विजेवरची तीनचाकी याच कारखान्यात जुळवली जायची, म्हणून तिला वॉशिंग मशीनची मोटर आहे अशी थट्टा लोक करत. ती खोटी.)

या यंत्रांचा बहराचा काळ म्हणजे 1955 ते 1970 च्या आसपास. त्याआधी दोन रुळांमधून कपडा ओढून काढायचा, त्यात बटणं फुटायची. मग स्पिनर आले, आणि धुण्याचा एक टब व शेजारी स्पिनर अशी ट्विन-टब यंत्रं. जॉन ब्लूम नावाच्या तरुणानं रोल्स रेझर या कंपनीतर्फे ती दुकानदारांना टाळून थेट घरोघर आणि बरीच स्वस्तात विकली. तीन-चार वर्षं त्याचं नाव सगळीकडे गाजलं आणि जुलै 1964 मध्ये कंपनी बुडाली. पुढे आपोआप पिळणारी मशीन आली, लोकांनी स्पिनर गॅरेजमध्ये ढकलले, आणि तिथून ते आता माझ्या गॅरेजमध्ये येतात. चॅरिटीच्या दुकानात पंधरा-वीस पौंडांना. दोन तर फुकट, "घेऊन जा" म्हणून.

दुरुस्ती फार अवघड नसते, कारण आत फार काही नसतंच. मोटर, ब्रेक, झाकणाचा स्विच, रबर आणि मोटरला सुरुवातीचा धक्का देणारा कॅपॅसिटर. मोटर नुसती गुणगुणते, फिरत नाही, पण हातानं ढकलल्यावर सुटते, म्हणजे दहातल्या आठ वेळा कॅपॅसिटर गेलेला. ड्रमच्या तळाचं रबर तडकलं असेल तर पाणी मोटरवर गळतं, ते यंत्र लावायचंच नाही. वायरींचे रंग बघायचे. 1970 च्या आधीच्या यंत्रांत लाल, काळी, हिरवी असते, नंतर तपकिरी, निळी, हिरवी-पिवळी. आपल्याकडच्या वायरिंगमध्ये वाढलेल्या मला जुने रंगच घरचे वाटतात. ब्रेकच्या जुन्या अस्तरात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, म्हणून ते घासायचं नाही आणि फुंकर तर मारायचीच नाही.

आणि ब्रेकचं एक ऐका. तिसरं यंत्र मी घेतलं ते साठच्या दशकातलं, चकचकीत, अगदी नव्यासारखं. चालवलं, बंद केलं, झाकण उघडलं. आवाज थांबला होता. ड्रम इतका सफाईनं फिरत होता की तो उभा आहे असंच वाटलं. मी वाकले आणि ओढणीचं टोक आत गेलं. ती गळ्यात गुंडाळलेली नव्हती, नुसती खांद्यावर होती, एवढंच माझं नशीब. खस्सकन गेली आणि ड्रमवर फडक्यासारखी गुंडाळली गेली. झाकण उघडताच ड्रम थांबवणारा ब्रेकचा पट्टा तुटलेला होता, हे नंतर उघडून बघितलं तेव्हा कळलं. ते यंत्र आता बघायच्या तिनांत आहे, प्लग कापून. ब्रेक आणि झाकणाचं कुलूप दोन्ही धड असल्याशिवाय माझ्याकडे कुठलंही यंत्र विजेला लागत नाही. तुम्हाला हौस वाटली तर जुना शोधूच नका, नवे स्पिनर अजूनही मिळतात. जर्मनीतल्या टोमास कंपनीचा एक माझ्याकडे आहे, तो उघडायला गेलं की ड्रम थांबेपर्यंत झाकण सोडतच नाही. गुणी आहे. पण त्याच्यावर माझा जीव नाही, काय करणार.

वापरायची युक्ती सगळी भरण्यात आहे. कपडे कोंबायचे नाहीत, एकेक गोल फिरवत भिंतीशी दाबून बसवायचा, जड आणि हलका समोरासमोर. वर रबराची चकती ठेवायची. ती विसरलात तर मोजा कडेवरून उडून ड्रम आणि डब्याच्या मधे जातो आणि पूर्ण यंत्र खोलावं लागतं. (दोनदा.) एकटी पायपुसणी कधीच नाही. ती एका बाजूला बसते आणि यंत्र धाडधाड करत स्वयंपाकघरभर चालायला लागतं. आमचं फ्रिजपर्यंत गेलं होतं. आणि टब! तोटीखाली टब!

सुती साडी लांब घडी करून ड्रमच्या कडेनं गुंडाळली तर छान निघते, पण चुण्या पडतात त्या इस्त्रीलाही दाद देत नाहीत. पैठणी किंवा कुठलंही रेशीम यात घालणाऱ्याला मी ओळखत नाही. हातानं धुतलेले लोकरीचे स्वेटर मात्र यात घालावेतच, आपटाआपटी नसल्यामुळे आटत नाहीत आणि सपाट पसरले की दुसऱ्या दिवशी अंगावर. बाकी सगळं छताला टांगलेल्या काठ्यांवर जातं. दोरीनं वर-खाली होणाऱ्या या काठ्यांना यॉर्कशायरमध्ये क्रील म्हणतात. आई पहिल्यांदा आली तेव्हा त्यांच्याकडे बघून म्हणाली, "अगंबाई, यांच्यात पण वलणी असते!"

आई यंदा जूनमध्ये तीन महिन्यांसाठी आली. तिला स्पिनर दाखवला, भरायचा कसा ते सांगितलं. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि प्रत्येक कपडा आधी हातानं पीळ घालून मगच आत टाकला. नको म्हटलं, पीळ घातलेला कपडा गाठीसारखा बसतो, यंत्र उड्या मारतं. ऐकेल तर शपथ. चादर आली तेव्हा तर मला हाक मारून एक टोक हातात दिलं आणि आम्ही दोघी समोरासमोर उभ्या राहून ती वाड्यात पिळायचो तशी पिळली. मग ती मी उलगडून ड्रममध्ये बसवली, कारण हट्ट मलाही आहे.

यंत्र सुरू होताना जरा हललं तेव्हा आईनं दोन्ही हात झाकणावर ठेवले, धार काढताना बिथरलेल्या म्हशीला थोपटावं तसे. ते शांत झालं. तोटीतून धार लागली. तिनं खाली वाकून बघितलं.

"आपण दोघींनी एवढी पिळली, तरी हे एवढं?"

मी टब उचलून बेसिनकडे निघाले, तर तिनं तो माझ्या हातातून काढून घेतला. साबणाचं पाणी असं फेकतात का, म्हणाली. मागचं दार उघडलं, पायऱ्यांवर ओतलं, आणि आतल्या बाजूला बघून विचारलं, "खराटा कुठंय गं तुमचा?"