माडाची कानटोपी

नोव्हेंबर सरत आला की इथे लीड्समध्ये साडेतीनलाच दिवेलागण होते. परवा त्याच सुमाराला स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं, तर पलीकडचे म्हातारबुवा शिडीवर चढून आपल्या झाडाला झोपवत होते. सगळी पानं वर गोळा करून सुतळीने बांधली, त्यांना पांढरं फ्लीस गुंडाळलं आणि शेंड्यावर प्लॅस्टिकची बादली उपडी घातली. बालवाडीला निघालेलं पोरच जणू, कानटोपीसकट!

मी हसले नाही. आमच्या मागच्या अंगणातही तसंच एक पामचं झाड आहे.

ट्रॅकिकार्पस फॉर्च्युनी हे त्याचं भारदस्त नाव. हिमालयात चहाची रोपं पोचवणाऱ्या रॉबर्ट फॉर्च्यूनने १८४९ मध्ये चीनच्या चुसान बेटावरून ते इंग्लंडला धाडलं. मोठं झाड उणे दहा-बारा अंशही सोसतं. पण त्याला माड म्हणायला माझी जीभ रेटत नाही. पान पंख्यासारखं, म्हणजे फार तर ताड. या बाबतीत मी जरा चिकटच आहे. स्कॉटलंडातल्या प्लॉक्टनला किनाऱ्यावरच्या 'पाम'बरोबर सगळे फोटो काढत होते, तेव्हा ते पाम नव्हेतच, न्यूझीलंडची कॉर्डिलाइन आहेत, हे मी तीनतीनदा सांगितलं. कोणी ऐकलं नाही.

माड म्हणजे वेंगुर्ल्याचे, आजोबांचे. उमललेल्या झावळीला कात्रीने कापल्यासारखे त्रिकोण दिसले की आजोबांचा चेहरा उतरायचा. पाडेली वर चढायचा आणि तिथूनच ओरडायचा, "भुंगो लागलो हा!" लोखंडी आकडीने तो गेंड्या भुंगा ओढून काढायचा. मग पानांच्या बेचक्यांत वाळू आणि डांबराच्या गोळ्या. गोळ्यांची पुडी सांभाळायचं काम माझं. डांबराच्या गोळ्यांच्या वासाने इतरांना ट्रंकेतले शालू आठवतात, मला माडाचा शेंडा. "माडाक एकच शेंडो," आजोबा म्हणायचे, "तो गेलो काय माड गेलो." आंब्याची फांदी तोडली तर दुसरी फुटते. माडाला ती सोय नाही.

हे सगळं ठाऊक असून माझं पहिलं झाड मी घालवलंच. नर्सरीवाला म्हणाला होता, याला काही करावं लागत नाही. थंडी उणे सहाच्या खाली गेलीच नाही, पण पाऊस महिनाभर ठिबकत राहिला आणि शेंड्यात पाणी साचलं. फेब्रुवारीत मधलं मिटलेलं पान सहज चिमटीत धरून ओढलं, तर सुरीसारखं अलगद हातात आलं. बुडाशी तपकिरी लगदा, कुजक्या बटाट्याचा वास. तेव्हा कळलं, म्हातारबुवांची बादली थंडीसाठी नाही, पावसासाठी आहे.

आईला फोनवर दुसरं झाड दाखवलं.

"नारळ लागतात?"

"नाही गं."

"सुपारी तरी?"

"बारीक निळसर काळी फळं. तीही मादी झाडाला, आणि जवळपास नर असला तर."

"मग एवढी उस्तवार कशाला? खराटा तरी होतो का?"

चीनमध्ये याच्या खोडावरच्या काथ्याचे झाडू करतात, हे सांगितल्यावर तिचा जीव भांड्यात पडला. "मग राहू दे," म्हणाली.

आज रात्री उणे तीन आणि पहाटे पाऊस, असा अंदाज आहे. सुतळी होती, जुनी चादर होती. बादली मात्र घरात एकच, आंघोळीची लाल, पुण्याहून सामानात कोंबून आणलेली.

"बाथरूममधली बादली कुठे गेली?" आतून आवाज आला.

"बाहेर आहे," म्हटलं, "मार्चमध्ये मिळेल."