तुम्ही विचारलंत म्हणून सांगते

"नोकरीचा अर्ज टाकायच्या आधी त्या कंपनीतल्या माणसांना गाठून चहा पीत का बसतेस? सरळ वशिला लावते म्हण की!" आत्यापासून ज्युनिअर पोरींपर्यंत सगळ्यांनी हे विचारून झालंय. दरवेळी हसून विषय बदलते. आज नाही बदलत.

वशिला म्हणजे आपलं नाव साहेबांच्या कानावर घालून घेणं. तसं कर म्हणून मी कधी कुणाला सांगितलेलं नाही. मला फक्त आतलं कळायला हवं असतं. "क्वालिटी इंजिनिअर पाहिजे, अनुभव 2 वर्षे" यापलीकडे कोल्हापूरजवळच्या शिरोलीतल्या फौंड्रीची, म्हणजे धातू ओतून भाग बनवणाऱ्या कारखान्याची, जाहिरात काय सांगते? शॉपफ्लोअरवर बायकांसाठी टॉयलेट आहे का? सेकंड शिफ्ट सुटल्यावर घरी सोडायला गाडी असते का? महिनाअखेरीला डिस्पॅच अडला की ब्लोहोल (आत राहिलेली हवेची पोकळी) असलेलं कास्टिंग "चालतंय, सोडा" म्हणणारा कोण? इंटरव्ह्यूत हे काढलं, तर "लई प्रश्न आहेत पोरीला" म्हणून फाईल बंद.

"कंपनी कशी आहे?" असं मात्र विचारायचं नाही. "चांगलीय की!" हे उत्तर ठरलेलं. मी विचारते, पीएफचं पासबुक बघता का? आपल्या पगारातून कापलेले पैसे मालकानं पुढच्या महिन्याच्या 15 तारखेपर्यंत भरायचे असतात. पासबुकात महिनोन् महिने एन्ट्री दिसत नसेल, तर बाकी काही विचारायची गरज उरत नाही.

आता ती गोकुळ शिरगावची नोकरी, जी मी नाकारली म्हणून घरात अजून टोमणे बसतात. मामांच्या ओळखीनं तिथल्या एका सुपरवायझरना भेटले. (हो, मामांच्याच. कोल्हापुरात अनोळखी माणूस गाठला तरी दुसऱ्या वाक्याला "कुठल्या पेठेतली तू?" येतं आणि तिसऱ्याला पाव्हणा निघतो. चौकशी आणि वशिला यांतली रेघ मी सांगते तेवढी ठळक नाही, कबूल.) त्यांची सुट्टी होती. टपरीवर बसून म्हणाले, "घरच्यासारखं वातावरण आहे बघ." तेवढ्यात फोन. उभे राहूनच घेतला. "होय साहेब. नाही साहेब, कोअर मी बघून घेतो." परत बसले, पगार वेळेवर होतो म्हणाले, परत फोन. तिसऱ्या फोनला अर्धा कप तसाच ठेवून गाडीला किक मारली. जाताना म्हणाले, "ये तू बिनधास्त." त्यांनी एका शब्दानं कंपनीला नावं ठेवली नाहीत. मी मात्र त्याच रात्री नकार कळवला. पप्पा पुढं बरेच दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलत होते.

त्या जागेवर माझाच वर्गमित्र लागला. मध्ये रंकाळ्यावर भेटला. म्हणाला, "मस्त चाललंय. ते काका होय? त्यांना कुणावर काम सोपवताच येत नाही, सुट्टीतही सगळे फोन स्वतःच घेत बसतात."

म्हणजे मी कंपनी बघितली की एका माणसाचा स्वभाव? तेव्हाची मी छातीठोक सांगायची, अर्ध्या तासात सगळं कळतं. आता तसं म्हणवत नाही. पण माझा निर्णय चुकला, हेही मला पटत नाही. तो पुरुष आहे, त्याला सेकंड शिफ्टनंतर घरी जायची काळजी नाही.

हल्ली दोघांना तरी विचारते: एक आत असलेला, एक सोडून गेलेला. सोडून गेलेला मोकळं बोलतो, पण त्याचा राग वजा करून ऐकावं लागतं. किती वजा करायचा, ते अजून जमलेलं नाही.