दिव्याची पन्नाशी आणि रेडिओ

२१ ऑक्टोबर

१८७९ साली आजच्याच तारखेला अमेरिकेतल्या मेन्लो पार्कच्या प्रयोगशाळेत एडिसनने लावलेला विजेचा दिवा तासन्‌तास टिकला. मला मात्र आज आठवतो तो १९२९ चा सोहळा, त्या दिव्याच्या पन्नाशीचा. हेन्री फोर्डने मिशिगनमधल्या डिअरबॉर्नला ती जुनी प्रयोगशाळा नव्याने उभी केली होती. राष्ट्राध्यक्ष हूवर, मेरी क्युरी, ऑर्व्हिल राइट अशी मंडळी आलेली. ८२ वर्षांच्या एडिसनने जुन्या सहकाऱ्याला, फ्रान्सिस जेलला, हाताशी घेऊन तसाच दिवा पुन्हा लावला. रेडिओवरून सगळं थेट ऐकू येत होतं. घरातले दिवे मालवून बसा, तिकडे दिवा लागला की तुमचे लावा, असं लोकांना सांगितलेलं होतं.

मला त्या मिट्ट घरांचं फार कुतूहल आहे. तिथे अगदीच अंधार नसणार. रेडिओच्या पोटात व्हॉल्व्ह, म्हणजे त्या काचेच्या नळ्या, तापलेले असणार! आमच्या जुन्या रेडिओचं बटण फिरवलं की आवाज यायला वेळ लागायचा. तोवर मी मागच्या भोकाभोकांच्या पुठ्ठ्यातून आत बघत बसे. काचेच्या नळीत तार हळूहळू तांबूस होई आणि तापलेल्या धुळीचा वास येई.

ही नळी मूळची एडिसनच्या दिव्यातूनच आलेली. दिव्याच्या काचेला आतून काजळी धरायची, म्हणून त्याने आत एक धातूची पट्टी बसवून पाहिली. पट्टी बॅटरीच्या धन टोकाला जोडली की पोकळीतूनही वीज वाहायची. १८८४ मध्ये त्याचं पेटंट मिळालं आणि तो पुढच्या कामाला लागला. हातची संधी घालवली, असं म्हणणं मला पटत नाही. पोकळीतून वाहत होते ते इलेक्ट्रॉन, आणि इलेक्ट्रॉन सापडला तोच १८९७ मध्ये.

त्याच्या लंडनमधल्या कंपनीचा सल्लागार होता जॉन ॲम्ब्रोज फ्लेमिंग. पुढे तो मार्कोनीच्या बिनतारी संदेशांच्या कंपनीला सल्ला देऊ लागला. बिनतारी लहरी नीट पकडता येईनात, तेव्हा त्याला ते जुने दिवे आठवले. त्यांतून वीज एकाच दिशेने जाते, हे त्याने कामी आणलं. १९०४ मध्ये व्हॉल्व्ह तयार झाला. दोन वर्षांत ली डी फॉरेस्टने त्यात तिसरा भाग घातला आणि पुढे त्याच वाटेने क्षीण आवाज मोठा करता आला.

डिअरबॉर्ननंतर पाच महिन्यांनी, २६ मार्च १९३० ला, मार्कोनीने जेनोआच्या बंदरातल्या आपल्या ‘इलेट्रा’ बोटीवर कळ दाबली आणि रेडिओच्या लहरींनी सिडनीच्या टाउन हॉलमधले हजारो दिवे लागले. त्या पन्नाशीला रेडिओकडून गेलेला हा आहेर, असंच मी मानते.