आठवड्याला एकच भाग हवा

मालिकेचे सगळे भाग एकदम यावेत की आठवड्याला एक, यावर माझं मत आता पक्कं झालंय. आठवड्याला एकच. आज याच विषयावर एका मैत्रिणीशी बराच वाद झाला. तिला म्हणायचं होतं ते सगळं तिने म्हणून घेतलं, पण माझं बरंचसं मनात राहिलं, म्हणून इथे लिहून काढतेय.

सध्या आम्ही एक रहस्यमालिका बघतोय. तिच्या चौथ्या भागात थोरली बहीण घरी येते, दार लावते आणि किल्ली खुंटीला अडकवते. दृश्य जेमतेम काही सेकंदांचं. मी त्यावर विचारही केला नव्हता. रात्री मावसभावाचा मेसेज आला, "खुंटीवर आधीच एक किल्ली होती. बघितलीस का?" मागे जाऊन, चित्र थांबवून बघितलं. खरंच होती! आणि ही बाई घरात एकटीच राहते, हे पहिल्याच भागात सांगून झालंय. मग दुसरी किल्ली कुणाची? पुढचा भाग येईपर्यंत आम्ही त्या किल्लीवरून नुसती डोकेफोड केली. कुणी म्हणे चित्रीकरणातली चूक, कुणी म्हणे हिचा नवरा मेलेलाच नाही. मूळ कादंबरी वाचलेली माझी बहीण फक्त "बघा तुम्ही" एवढंच म्हणायची, आणि आम्ही तिच्या आवाजावरूनही अंदाज बांधायचो. पाचव्या भागात उलगडा झाला, तो चांगलाच होता. पण त्याच्या आधीचे दिवस मला जास्त आवडले. पाचवा भाग लगेच सुरू झाला असता तर ती किल्ली आमच्यापैकी कुणाच्याही लक्षात राहिली नसती.

वाचकाला असं ताटकळत ठेवणं टीव्हीच्याही कितीतरी आधीचं आहे. डिकन्सचं 'पिकविक पेपर्स' १८३६ पासून दरमहा हप्त्याहप्त्याने येत होतं. कॉनन डॉयलने १८९३मध्ये शेरलॉक होम्सला मारून टाकलं, तेव्हा वाचकांनी त्याला चिडून पत्रं लिहिली; शेवटी १९०३मध्ये त्याने होम्सला परत आणलं. टीव्हीवरचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण 'डॅलस' या अमेरिकन मालिकेचं. मार्च १९८०मध्ये तिच्यातल्या जे. आर. या मुख्य पात्रावर गोळ्या झाडल्या गेल्या आणि हंगाम तिथेच संपला. मग कलाकारांचा संप झाला, नवा हंगाम लांबला, आणि गोळ्या कुणी झाडल्या हे कळायला नोव्हेंबर उजाडला. तो भाग एकट्या अमेरिकेत ८ कोटींहून जास्त लोकांनी बघितला, असा अंदाज आहे. आठ महिने लोक एकमेकांना एकच प्रश्न विचारत होते. मला त्या लोकांचा हेवा वाटतो.

नंतर २०१३मध्ये नेटफ्लिक्सने 'हाउस ऑफ कार्ड्स'च्या पहिल्या हंगामाचे तेराही भाग एकाच दिवशी उपलब्ध करून दिले आणि पुढे तीच सवय पडली. मैत्रीण म्हणते, "आपला वेळ, आपली मर्जी. कुणीतरी ठरवलेल्या दिवसाची वाट का बघायची?" मुद्दा बरोबर आहे. ज्याला रविवारशिवाय सवड नाही, त्याची यात सोय होते. पण मग बोलायचं कुणाशी? मी तिसऱ्या भागावर, ती आठव्यावर, भाऊ तर शेवट बघून मोकळा झालेला. तोंड उघडलं की समोरून "ए, पुढचं सांगू नकोस हं!" चार दिवसांनी सगळ्यांचं बघून होतं, तोवर पहिल्या भागात काय झालं होतं तेही नीट आठवत नाही. गप्पा म्हणून उरतं काय, तर "छान होती" नाहीतर "शेवट फसला". ज्या मालिकेवर लेखकांनी दोन-दोन वर्षं घालवली, तिच्यावर आपण दोन वाक्यं बोलतो, हे मला फार लागतं.

विनोदी मालिकांचं सोडा, त्यांचा प्रत्येक भाग तिथल्या तिथे संपतो, त्या हव्या तशा बघाव्यात. पुस्तकाचीही गोष्ट वेगळी. कुठे थांबायचं ते आपल्याच हातात असतं, आणि चांगल्या कादंबरीत तर प्रकरण संपल्यावर मी मुद्दाम पुस्तक मिटून ठेवते.

आता आमच्या मालिकेचे शेवटचे दोन भाग एकाच दिवशी येणार, असं जाहीर झालंय. मला हे मुळीच पटलेलं नाही. भावाला बजावून ठेवलंय, पहिला बघायचा आणि थांबायचं, दुसरा पुढच्या आठवड्यात. खुनी कोण, यावर आमचं अजून एकमत व्हायचंय. तो कबूल झालाय. बहिणीला तर शेवट माहीतच आहे, तिने फक्त तोंड बंद ठेवायचं.